नऊ नंबरची बाटली

प्रिय सूनबाई,

सासूचं पत्र पाहून दचकली असशील, तर आधी घोटभर पाणी पी आणि मग वाचायला बस. उकळलेलं पी. माझी नात, आपली ठमाबाई, कशी आहे? आमच्या चिरंजीवांना विचारलं की "बरी आहे" यापलीकडे शब्द फुटत नाही. बापाच्या वळणावर गेलाय. वजन किती भरलं, जिना चढताना दम लागतो का, दूध पाहिलं की अजून नाक मुरडते का, हे मला तुझ्याकडून कळायला हवंय. तापानंतर केस गळत होते ना तिचे, ते थांबले का? तिला घेऊन माहेरी गेलीस ते उत्तम केलंस, पण तुम्ही नाहीत तर रविवार मला खायला उठतो.

तुझ्या झाडांची काळजी सोड. एक दिवसाआड कामावरून सुटले की तुझ्या घरी जाते आणि कुंड्या भिजवून येते. खिडकीतला वेल पडद्याच्या दांडीपर्यंत चढलाय, आता पडदा लावायची सोय नाही. लोक म्हणतात सासू सुनेला पाण्यात पाहते. मी तर एकतीस वर्षं पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत पाणीच पाहतेय, पण तुला कधी पाण्यात पाहिलं नाही हो. जीभ मात्र सैल सुटली, ते कबूल.

आमच्याकडची बातमी तुझ्या कानावर आलीच असेल. तुमच्या गल्लीतल्या चाळीस मुलांना टायफॉइड झाला, म्हणून सरकारने चौकशी नेमली. आमच्या साहेबांनी लगेच उत्तर तयार केलं : नळाचं पाणी स्वच्छ आहे, रहिवाशांनीच गच्चीवरच्या टाक्या धुतल्या नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा! त्या कागदावर प्रयोगशाळेची म्हणून माझी सही हवी आहे. साहेब गोड बोलून म्हणाले, बाई, आठ महिने राहिलेत, सुखाने निवृत्त व्हा. सही नाही केली तर हे आठ महिने निलंबित होऊन घरी बसावं लागेल, हेही त्यांनी तितकंच गोड सांगितलं.

आता आमच्या बाटल्यांचं ऐक. रोज बारा ठिकाणच्या नळांवरून बारा बाटल्या भरून आणायच्या, असा नियम आहे. नऊ नंबर म्हणजे तुमची गल्ली, नळवाहिनीचं अगदी शेवटचं टोक. दोन वर्षांपूर्वी खात्याची गाडी बंद पडली ती कोणी दुरुस्त केली नाही. तेव्हापासून नमुने आणणारे भाऊ बाराही बाटल्या आमच्याच आवारातल्या, टाकीशेजारच्या नळावर भरतात. त्याला आम्ही सगळे "घरचा नळ" म्हणतो. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी सकाळच्या चहाबरोबर आधीच लिहून ठेवते, मोत्यांसारख्या अक्षरात. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. घरचं पाणी रोज उत्तम निघायचं आणि मी बारा वेळा सही करायचे.

म्हणूनच तू फोन करून पाण्याला वास येतो म्हणालीस, तेव्हा मी तुला हसले. म्हटलं, इमारतीतर्फे अर्ज कर, शिक्क्याचा कागदच पाठवते. पाठवलाही. पुढे ठमाबाई अकरा दिवस हॉस्पिटलात होती, आणि मी तिथल्या व्हरांड्यात तुझ्या आईवडिलांदेखत म्हणाले, "काहीतरी उघड्यावरचं खाऊ घातलं असशील, दुसरं काय!" तू आत जाऊन तिच्या कपाळावरची पट्टी बदललीस.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या फाटकाजवळच्या नळावरून मी स्वतः बाटली भरली. ते पाणी गच्चीवर चढण्याआधीचं, म्हणजे टाकीवर खापर फोडायची सोयच नाही. आमच्याकडे एक जांभळं औषध असतं, पाण्यात मैल्याचे जंतू असले की ते दोन दिवसांत पिवळं पडतं. तीनदा बाटली भरली. तिन्ही वेळा पिवळं पडलं. तिसऱ्यांदा मी दार लावून रडले, म्हातारीने रडायचं ते रडून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. ही बाटली मी का भरली, ते वर टाळलं. झाडांना घालायला तांब्या शोधत होते, म्हणून तुझ्या ओट्यावरचं कपाट उघडलं. दाराला आतून आमचाच कागद चिकटवलेला होता. नमुना क्रमांक नऊ, पिण्यास योग्य, खाली माझी सही. त्याखाली कामवाल्या बाईंसाठी तू लिहिलं होतंस, "आता पाणी उकळू नका. आईंनी स्वतः तपासलंय." तारीख ताप यायच्या बारा दिवस आधीची. म्हणजे तू उकळत होतीस गं. माझ्या शब्दाखातर थांबलीस, आणि त्या व्हरांड्यात एवढं एक वाक्य बोलून मला गप्प करता आलं असतं, तेही केलं नाहीस. उद्या अकराला चौकशीपुढे माझी जबानी आहे. घरच्या नळाचं सगळं सांगणार आहे, आणि तुझ्या कपाटातला कागद माझ्या हाताने पुढे ठेवणार आहे. गाडी बंद ठेवणारं खातं जबाबदार आहे, आणि त्या खात्याची सही मी आहे. पेपरात यायच्या आत तुला हे माझ्याकडून कळावं म्हणून पत्र चिरंजीवांच्या हाती आजच धाडते. चूक तुझी नव्हती, बाळ. हे मी त्याच व्हरांड्यात, तुझ्या आईवडिलांदेखत सांगायला हवं. त्यांना हे पत्र वाचून दाखव. कागद काढला तिथे मी दुसरी चिठ्ठी लावली आहे : पाणी खळखळून उकळा. आईंचं नको, सूनबाईचं ऐका.

तुझीच,
आई