उपटलेले खुंट

अप्पा, तुमचा ट्रॅक्टर विकायला काढलाय. मी नाही, धाकट्यानं. मागच्या शनिवारी मी गावी गेलो होतो तेव्हा भंगारवाला येऊन बघून गेला. मागच्या लोखंडी चाकांचे दाते त्यानं चाचपून पाहिले, पुढचं हँडल फिरवायला गेला, ते हललंच नाही, मग हात झटकत त्यानं विचारलं, "मालक कोण?" धाकटा म्हणाला, "आमीच की." तरी भंगारवाल्यानं माझ्याकडे बघितलं, कारण मोठा मी. मला 'हो' एवढाच शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, या नाही, पुढच्या सोमवारी सांगतो. तो गेल्यावर धाकट्यानं मला चांगलंच धरलं. "त्यात सांगायचं काय हाय अण्णा? लोखंड गंजून जायलाय. तुला कामून सगळ्यात शंका येतीय? जेवताना तरी येत न्हाई ना, भाकरी कुणाच्या पिठाची म्हणून?" त्याची बायको आत हसली. मीही हसलो. पण त्यानं चेष्टेत जे विचारलं, तेच मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलोय.

गुलबर्ग्याला परत आलो तर इथे दुसरं वाढून ठेवलेलं होतं. कॉलेजातून घरी येताना डाळीच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी हाक मारली. पांढरी दाढी, दोन्ही हात काठीवर. मी ओळखलं नाही. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम वो ट्रॅक्टरवाले अप्पा के बेटे ना? हौ, सूरत वोइच है." आवाजावरून नाही, छत्रीवरून ओळखलं मी. पायरीला टेकवून ठेवलेली, लाकडी मुठीची. ते चाचांचे जावई. आंबराईत त्या दिवशी आले होते, ते. मला हात धरून खाली बसवत होते. "बैठो ना मियाँ. तुमारे अप्पा की एक बात है, बोलना है तुमकू. यहाँ नक्को, घर को आव. चाय पियो, फिर बोलतूँ." किल्ल्याच्या मागे घर आहे म्हणाले. म्हणजे माझ्या घरापासून चालत गेलो तर पान खाऊन संपेपर्यंत पोचेन. मी कामाचं निमित्त सांगून निघालो. दोन दिवस झाले, गेलेलो नाही.

चाचा तुमचे दोस्त होते एवढं मला लहानपणापासून माहीत. आंबराई त्यांची, ट्रॅक्टरही त्यांचाच. कुठल्याशा जहागिरीतून जुनाच घेतलेला, आणि गावातले लोक तो बघायला यायचे. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत आपल्या भागातली किती घरं रिकामी झाली ते तुम्ही कधी बोलला नाहीत, पण आम्ही पोरं दारं मोजत नव्हतो असं नाही. चाचांचं घर त्यातलं एक. अव्वा सांगायची की पहाटे तुम्हीच बैलगाडी जुंपलीत, कडब्याखाली त्यांच्या बायकामाणसांना निजवलंत आणि कमलनगर स्टेशनापर्यंत गाडीपुढे पायी चालत गेलात. त्या दिवसांत हे करणं सोपं नव्हतं. हे मी विसरत नाही, अप्पा. पण हेही विसरता येत नाही की त्याच आठवड्यात चार बैल लावून तुम्ही तो ट्रॅक्टर ओढत आपल्या गोठ्यात आणलात. "यंत्र पडून ऱ्हायलं की मरतंय," तुम्ही म्हणालात. "चालवत ऱ्हा म्हणलाय चाचा. वाळलेली झाडं बी काढ म्हणलाय." चाचा हे कुणासमोर म्हणाले? गाडीजवळ आपल्या घरचं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. अव्वासुद्धा नाही.

मी इंटरला गुलबर्ग्यात होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या हाताखाली असायचो. आंबराई नाल्याच्या पलीकडे, लाल मुरमाच्या उतारावर. जुन्या आंब्याचं खोड बैलांना तो उतार चढवायला जमत नव्हतं, ट्रॅक्टर चढवायचा. पेट्रोलवर हँडल मारून सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा. खोडाला साखळी घालून ती मागच्या खालच्या आकड्यात अडकवायची, आणि रस्त्यापर्यंत फरफटत न्यायचं. तिथून गाड्या. तुम्ही पहिल्या दिवशी मला सीटवर बसवून जे सांगितलंत ते अजून तुमच्याच आवाजात ऐकू येतं. "साखळी खाली. कायम खाली. वर बांधलास की ही भवानी घोड्यावानी दोन पायांवर उभी ऱ्हाईल अन् तुला खाली घेऊन निजंल." आणि दुसरं, जे दिवसातून कितीदा तरी ऐकायचो, "रेस कमी कर की रं! रॉकेल काय हिरीतनं शेंदायलाव का आपुन?" माझा हात रेसच्या दांड्यावर जरा जड होता. तुम्ही शेताच्या दुसऱ्या टोकाला असलात तरी इंजिनाच्या आवाजावरून ओळखून ओरडायचात.

आपल्याकडची रीत तुम्हीच मला शिकवली होती. स्वतःच्या रानातलं झाड पाडलं तर मुळासकट खणून काढायचं, जमीन मोकळी करायची. दुसऱ्याच्या रानातलं, मागून घेतलेलं असलं, तर गुडघ्याएवढा खुंट ठेवायचा. तो जमीनवाल्याचा. त्याचं जळण तो खणून नेईल, आणि आपलं किती झाड गेलं तेही त्याला येऊन बघता येईल. लाकूडवाला तुम्हाला हसायचा, सगळ्यात जाड लाकूड तेवढ्यातच असतं म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत. आंबराईत खुंट उभे राहत गेले, प्रत्येक गुडघ्याएवढा. ते खुंट बघून मला बरं वाटायचं. रोजची वही लिहिण्याची सवय मला तेव्हापासूनची, पण हे तिच्यात कधी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं.

नंतरच्या उन्हाळ्यात माझ्या मनगटावर चट्टे उठले. आंब्याचा चीक उडाला की कातडी जळते, आणि वाळलेल्या झाडाला चीक नसतो. तुम्ही अव्वाला म्हणालात, आतून जरा ओलं निघालं झाड. जरा नव्हतं, अप्पा. त्याच्या फांद्यांना कैऱ्या होत्या. शेजारपाजारच्या पोरींनी ओट्या भरून नेल्या. त्याच झाडाच्या फळ्यांचं तुम्ही मला टेबल करून दिलंत, कमलनगरच्या सुताराकडून, आणि स्वतः गुलबर्ग्यापर्यंत आणून खोलीत ठेवलंत. "सायबावानी बसून ल्ही," म्हणालात, आणि खुर्चीत बसून कोपर टेकवून दाखवलंत मला, साहेब कसा बसतो ते. एवढे खुश मी तुम्हाला फारसं बघितलेलं नाही. पहिल्याच थंडीत टेबलाचा वरचा भाग वाकला. ओलं लाकूड. आजही कागदाखाली पुठ्ठा घातल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही. आत्ता घातलाय.

आता तो दिवस. खोडाला साखळी लावून झालीय, मी सीटवर आहे, इंजिन सुरू आहे कारण बंद केलं तर पुन्हा पेट्रोलवरून सगळं करावं लागतं. रस्त्याकडून छत्री घेतलेला माणूस येतो. तुम्ही त्याला विहिरीच्या काठाला घेऊन जाता, माझ्यापासून आठ-दहा झाडांवर. तो छत्रीच्या टोकानं एकेक खुंट दाखवत बोलतोय. तुमची मान खाली आहे. मग तुम्ही डोक्याचा पटका काढून हातात घेता. तो तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. मला शब्द ऐकू येत नाहीत. जाताना तो ट्रॅक्टरजवळून जातो, मला सलाम करतो, मीही करतो. घरी अव्वानं पाहुणा आलाय हे कुणाकडून तरी ऐकून भाकरी टाकायला घेतलेल्या. तुम्ही, जे वाटसरूलाही जेवल्याशिवाय सोडत नव्हता, त्यांना घरी चला असं म्हणालासुद्धा नाहीत. अव्वानं विचारलं, "पाव्हणे कुटं हायेत?" तुम्ही म्हणालात, "गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला म्हणालात, आज खुंट काढायचे. मला वाटलं मी चुकून ऐकलं. ज्या खुंटांना तुम्ही कुऱ्हाड लावू देत नव्हता, त्यांच्या मुळाशी तुम्ही स्वतः पहार घेऊन खणायला लागलात, घाईनं, पटका बाजूला टाकून. पहिल्या खुंटाला साखळी लावलीत आणि हात वर केलात. मी क्लच सोडला. खुंट हलला नाही. ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उठलं. समोरचं रान दिसेनासं झालं, आभाळ दिसलं, पाण्याच्या टाकीची वाफ आणि आभाळ. माझा पाय कसा क्लचवर गेला मला माहीत नाही. पुढची चाकं धाडकन मुरमात आपटली. मी वळून बघितलं तर साखळी खालच्या आकड्यात नव्हती. वर, सीटच्या खालच्या दांड्याला होती. तुम्ही बांधलेली. तुम्ही जमिनीवर बसला होता आणि हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

मी खाली उतरलो. मला विचारायचं होतं साखळीचं, पण तोंडातून निघालं, "अप्पा, हे खुंट कामून काढायलाव? हे तर चाचाचे हायेत." तुम्ही उठलात. मारणार असं वाटलं. "कालिजात हेच शिकवतेत का रं? बापाची झडती घ्याया?" मग आवाज उतरवून म्हणालात, "अव्वाला सांगू नको, भवानी उभी ऱ्हायली होती म्हणून." साखळी सोडून खाली बांधलीत, दोनदा ओढून बघितलीत. सुट्टी संपेपर्यंत आपण सगळे खुंट काढले. पुढच्या वर्षी तिथे तूर होती. त्यानंतर तुम्ही तिथे काम करताना कधी हसलेले मला आठवत नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत तुम्ही गेलातच.

मी हे सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलंय. जावई सांगायला आले असतील की चाचा वारले. मग पटका काढणं बरोबर, न जेवता जाणं बरोबर, हात मांड्यांखाली दाबून धरणंही. कदाचित त्यांनी सांगितलं असेल की रान आता तुमचं, चाचा तसं बोलून गेले. मग खुंट काढणंही रीतीप्रमाणेच. असं असेल तर मला का सांगितलं नाही? दोस्त गेल्याचं दुःख लपवायचं काय कारण? दुसरं असं, की ते मोजायला आले होते. ओली झाडं किती गेली, हे खुंट बघणाऱ्याला चटकन कळतं. तुम्ही पटका काढून माफी मागितली असेल, मुदत मागितली असेल, आणि दुसऱ्या दिवशी मोजण्यासारखं काही उरू दिलं नसेल. घाबरलेला माणूसच साखळी वर बांधतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. पण रडून आलेला माणूसही बांधेल. एकदा अव्वाला विचारलं, तुम्ही गेल्यानंतर. ती शेंगा फोडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्या लाकडावरच शिकलास की तू. आता कडू लागायलंय व्हय?" पुन्हा विचारलं नाही.

मला तुमच्यावर संशय घ्यायला आवडत नाही. पण ज्याच्यावर विश्वास टाकून मी निवांत बसावं असं एक वाक्य तरी तुम्ही मला द्यायला हवं होतं. आता ते वाक्य किल्ल्यामागच्या घरात आहे आणि सांगणारा माणूस फार म्हातारा आहे. बाजारात तो माझ्याशी प्रेमानं बोलला, पण प्रेमानं बोलणं हाही पुरावा नव्हे. बापाच्या चुकीसाठी मुलांना फटकारायचं नसतं म्हणूनही लोक असं बोलतात. उद्या रविवार आहे. सकाळीच जाईन, पायी. सोमवारी धाकट्याला काय ते सांगावं लागेल. ट्रॅक्टर त्यांचा निघाला तर त्यांना विचारून काय करायचं ते करू. टेबलाचं काय करायचं ते मला अजून सुचत नाही. हे कागद त्याच्याच खणात ठेवतोय. खणही वाकलाय, पुरता बंद होत नाही.

एक राहिलं. शब्द ऐकू आले नाहीत, इंजिन सुरू होतं, असं मी अव्वाला सांगितलं, बायकोला सांगितलं, वर लिहिलंही. रॉकेलवर इंजिन मंद ठेवलं की प्लग काळे पडतात, म्हणून रेस ठेवावीच लागते, हेही सांगितलं. ते खरं आहे. पण त्याला रेसचा दांडा अर्ध्यावर पुरतो, आणि तुम्ही पटका काढलात तेव्हा तो अर्ध्यावरच होता. जावयांचा आवाज येत होता. एखाद-दुसरा शब्द लागायला लागला होता. मी दांडा शेवटपर्यंत ओढला. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत, आणि त्या एका दिवशी, रेस कमी कर, असं म्हणाला नाहीत.