अक्षदा देवराईत येतेय

चि. गणपतास घोडपदेवहून दादाचे आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. सुनंदाचा गुडघा कसा आहे? फोनवर बोललो तर अक्षदा ऐकते, म्हणून लिहितो.

ती बिबट्यांवर पीएचडी करतेय. पुढच्या महिन्यात आपल्या देवराईत कॅमेरे लावायला एकटीच येणार आहे. मी ओरडलो, तर म्हणते, "आजोबा, बिबट्या तुमच्याइतकाच घाबरट असतो!"

हसलो, पण जेवण गेलं नाही.

देवीला विचारल्याशिवाय त्या रानातली काटकीही आपण उचलत नाही. गुरवाला सांगून कौल लाव. उजवा आला तर तिला खुशाल जाऊ दे. डावा आला तर तिला सांगू नकोस, ती थांबणारी नाही. मला कळव. मी येईन आणि रानात तिच्या पुढे चालेन.

तुमची काळजी वाहणारा,
भिकाजीदादा