झोपेचा तक्ता आणि पालकाची सही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.
बीपीची गोळी आणायला दवाखान्यात गेलो. साठीपुढच्या प्रत्येकाला झोपेचे प्रश्न विचारणं चालू. विचारणारी डॉक्टर म्हणजे आमची भैरवी, नववीत माझ्याकडे विज्ञान शिकलेली. सात प्रश्न. झोप लागायला वेळ लागतो का, मध्येच जाग येते का, दिवसा डुलकी लागते का. सातही ठिकाणी ‘अजिबात नाही’. विद्यार्थिनीसमोर नापास होणं शोभत नाही.

शनिवारचं प्रकरण सांगायचं कारण नव्हतं. सिग्नलला स्कूटरवर डोळे मिटून विचार करत होतो, एवढंच. मागचा रिक्षावाला उगाच ओरडला, “पावणं, हिरवा झाला की! झोपलासा व्हय?” मागे अवनी बसली होती. नात, पाचवीत. कॅडबरीच्या बदल्यात घरी सांगणार नाही म्हणाली.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
कॅडबरी खाऊन सांगितलं.

सरोजिनीने किल्ली काढून घेतली. “डॉक्टरीण लिहून देत न्हाय तवर स्कूटर न्हाय,” म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात अपील चाललेलं नाही. आजपासून अवनी शाळेच्या रिक्षाने. एरवी रोज मीच स्कूटरवरून सोडायचो. ती बारा मिनिटं पाठीमागून तोंडाचा पट्टा चालू असायचा. कोणाची कोणाशी कट्टी, कोणाच्या डब्यात काय. दिवसभरात माझ्याशी एवढं दुसरं कोणी बोलत नाही. किल्ली मिळवायचीच.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.
सर्टिफिकेट मागायला गेलो, तर भैरवीने तक्ता दिला. आज रात्रीपासून सात रात्री. रोज सकाळी उठून भरायचा. “सर, खरं लिहा,” म्हणाली. हे मला! तीस वर्षं प्रयोगवह्या तपासलेल्या माणसाला!
संकल्प: दुपारची झोप बंद. चारनंतर चहा बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
जेवून फक्त पेपर वाचायला आडवा झालो. पावणेदोन तास वाचला. सरोजिनीच्या मते घोरत वाचला. चहा झाला. संकल्प उद्यापासून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
सलग दोन रात्री अडीचपासून जागा. दोष गल्लीतल्या कुत्र्यांचा. माझी झोप मुळात उत्तम आहे, फक्त ती रात्री येत नाही.
निकाल ठाऊक असताना तक्ता रोज कशाला भरायचा? सातही रात्री एका बैठकीत भरल्या. झोप दहा ते पाच. दुपारी शून्य. अक्षर मोत्यासारखं.

८ फेब्रुवारी, शनिवार.
सोमवारच्या शाळेआधी किल्ली हवी, म्हणून तक्ता आजच देऊन आलो. भैरवीने नीट वाचला. मग विचारलं, “सर, येत्या मंगळवारी तुम्ही दहाला झोपलात, हे आज कसं कळलं?”

तिने आठवण करून दिली. नववी, लोलकाचा प्रयोग. लोलक टांगण्याआधीच तिने निरीक्षणं लिहिली होती. मी वही खिडकीतून फेकली होती. मी विसरलो होतो, ती नव्हती. लाल पेनाने तक्त्यावर माझाच शेरा लिहिला: ‘पुन्हा करून आणा. पालकाची सही आवश्यक.’

मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, “किती दिवस झोप नाही, सर?”

दोन वर्षं, म्हणालो. म्हातारपणी असंच असतं म्हणून कुणाला बोललो नाही. ती म्हणाली, असंच असतं असं काही नाही, याला उपाय आहेत आणि बहुतेक गोळीशिवायचे. सिग्नलला मागे अवनी होती, हे पहिल्यांदाच नीट डोळ्यांसमोर आलं. सिग्नलचं सगळं भैरवीला सांगून टाकलं.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
खरी नोंद. अंथरुणावर दहाला. झोप साडेबाराला. जाग तीनला. काल दुपारी दोन तास. चहा चार कप.

सही मागितली तर सरोजिनी म्हणाली, “माझी कशाला? जिला मागं बसवून झोपलासा तिची घ्या की.”

अवनीने तक्ता दोनदा वाचला. चहा पाच कप, म्हणाली. तिच्यासमोर खोडून पाच केलं. तेव्हा कुठे पालकाच्या जागी सही झाली. किल्ली आता तिच्या कंपासपेटीत आहे. सहा आठवडे तक्ता बघून ठरवू, असं कळवण्यात आलं.

सहीखाली शेराही आहे: ‘अक्षर सुधारा.’