पंख्याचा व्हिडिओ

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज लिहिणार. कर्तबगार माणसाच्या नोंदी राहिल्या पाहिजेत.
सोसायटीच्या गणपतीची मीटिंग झाली. दुसऱ्या मजल्यावरची रेवती आयटीत आहे, म्हणून तिला सगळं कळतं असा तिचा समज. तिने क्लाउडवर सगळ्यांसाठी एक शेअर्ड फोल्डर घेतलंय. फोटो, आरत्या, व्हिडिओ, सगळं एकत्र. सर्व्हिस मॅनेज्ड आहे म्हणे, देखभाल कंपनीच बघते. अख्खा मुलुंड जाणतो, मी आयुष्यभर विमा ऑफिसात रेकॉर्ड सेक्शन सांभाळला. मी असताना मॅनेज करायला बाहेरचे कशाला? हात वर केला. एडिट अ‍ॅक्सेस मिळाला. लोकांनी माना खाली घातल्या. आदर, दुसरं काय.

५ ऑगस्ट
फोल्डर उघडलं. उकिरडा. जान्हवीने एकाच मोदकाचे ढीगभर फोटो टाकलेत. प्रितमच्या फाइलींची नावं: ‘फायनल’, ‘फायनल फायनल’, ‘हे बघा’. या लोकांना साधं कपाट देऊ नये, क्लाउड कसला देताय!
रविवारपर्यंत सगळं साफ. निश्चय.

१० ऑगस्ट, रविवार
साफ झालं नाही. पासवर्ड चुकीचा दाखवत होतं. पासवर्ड बरोबर होता.

११ ऑगस्ट
मुख्य विषय. आमच्यातली निम्मी घरं मालवणकडची. पहिल्या दिवशी आरतीनंतर गाऱ्हाणं घालायचं काम कायम भाऊंचं. ते एकेका घराचं मागणं देवाला सांगणार, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. भाऊ मे महिन्यात गेले. जागा रिकामी. लायक माणूस एकच. विनयापोटी नाव लिहीत नाही.
पण भाऊंच्या पत्नी सुनंदावहिनी म्हणाल्या, गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग फोल्डरमध्ये आहे, यंदा तेच लावू, एकदा त्यांचा आवाज ऐकू. सगळे लगेच हो म्हणाले. गेलेल्या माणसाने जागा अडवून ठेवावी म्हणजे कमाल आहे.
मी ते ऐकलेलं नाही. आरतीचं तबक प्रितमच्या हाती दिलं, म्हणून गेल्या वर्षी निषेध करून घरीच बसलो होतो. प्रसादाचं ताट दारात आलं. मंडळाने माफी मागितली असं समजून खाल्लं.

१५ ऑगस्ट
माझं गाऱ्हाणं तयार. शुद्ध मराठीत. ‘हे गजानना, सोसायटीच्या वतीने नम्र निवेदन करण्यात येते की...’ बायकोला, रत्नप्रभाला, वाचून दाखवलं आणि ‘होय महाराजा’साठी थांबलो. ती म्हणाली, कुकर बंद करा.

१७ ऑगस्ट, रविवार
सफाई फत्ते. मोदक उडवले. एक लांबलचक व्हिडिओ सापडला, नावात नुसते आकडे, चित्रात फक्त छताचा पंखा फिरतोय. पंख्याचा व्हिडिओ! कोण ठेवतं असलं? आवाज लावून वेळ घालवला नाही. डिलीट. ट्रॅशही रिकामा केला. अर्धवट काम मला जमत नाही. झकास.

२१ ऑगस्ट
भाऊंचं रेकॉर्डिंग सापडत नाही म्हणून बिल्डिंगभर बोंब. वहिनी म्हणाल्या, नातवाने, केयूरने, फोन जमिनीवर उताणा ठेवला होता, त्यामुळे चित्रात फक्त पंखा दिसतो. भाऊंचा आवाज तेवढाच एक उरलाय.
मला घाम फुटला. उकाडा फार आहे.
ग्रुपवर कळवलं: हॅकरचं काम, बहुधा परदेशी. आता गाऱ्हाणं मी घालीन. कोणीही विरोध केला नाही. कोणी उत्तरच दिलं नाही.

२२ ऑगस्ट
वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, असू दे भावजी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. डोळे सुजलेले. रात्री जेवण गेलं नाही. भाजी खारट होती.

२४ ऑगस्ट, रविवार
रेवती घरी आली. मॅनेज्ड सर्व्हिसमध्ये ट्रॅश रिकामा केला तरी अ‍ॅडमिनला काही दिवस फाइल परत आणता येते म्हणे. आणली. कोणी उडवली तेही तिथे दिसतं. मी म्हटलं, हॅकरने माझं नाव वापरलं असणार. ती ‘हो काका’ म्हणाली. कोणाला सांगणार नाही म्हणाली. मला घाबरून आहे.
हुश्श. हे फक्त इथे लिहितो.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
आरती झाली. पडद्यावर पंखा, स्पीकरवर भाऊ. एकेक घर घेत माझ्यापर्यंत आले.
‘बा देवा म्हाराजा! ह्यो आमचो चंदू. सगळ्यांका शायनपण शिकयता, कोणाचा आयकणा नाय. पण मनान वायट नाय. तेका चार माणसांत बसूक शिकव रे म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’ रेकॉर्डिंगमधले ओरडले. समोर बसलेलेही ओरडले. रत्नप्रभाचा आवाज सगळ्यात मोठा.
मग भाऊ हळूच कोणाला तरी म्हणाले, ‘चंदू रागान घरात बसलो हा. तेका ताट नेऊन दी रे. उपाशी रवात.’
ती माफी नव्हती तर. खिशातलं नम्र निवेदन खिशातच राहिलं.

२८ ऑगस्ट
फोल्डर उघडलं. माझा एडिट अ‍ॅक्सेस गेलाय, आता नुसतं बघता येतं.
पंखा पुन्हा लावला. माझं घर आलं तेव्हा स्वयंपाकघरातून रत्नप्रभा ओरडली, ‘व्हय म्हाराजा!’
मीही म्हटलं. हळू.