महाराणीच्या जागी

४ मार्च
खांद्याची पट्टी आज सुटली. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. मी म्हणालो, जुळणारच, घोडेस्वाराचं हाड आहे.
पुढेमागे गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो. मी घोड्यावरून पडलेलो नाही. सपाट मैदानात, साध्या चालीत, महाराणीचा पुढचा पाय दुमडला आणि ती खाली गेली. मी होतो तिथेच राहिलो. फक्त खाली घोडी नव्हती.
कॉन्फिडन्स: शंभर टक्के.
निश्चय: उद्या सकाळी तबेला. आठवड्याभरात स्वारी. जूनच्या स्पर्धेत उड्यांच्या गटात नाव.

५ मार्च
गेलो नाही. दुकानात गर्दी.

६ मार्च
दुकानात गर्दी नव्हती. पण कधी होईल सांगता येत नाही. चष्म्याचा धंदा असाच आहे.

८ मार्च, संध्याकाळ
गेलो एकदाचा. जनावरांचे डॉक्टर आले होते. त्यांनी महाराणीचा गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, तिला चालवून पाहिली. सांधा झिजलाय म्हणाले. चालेल, चरेल, वर्षानुवर्षं मजेत जगेल, पण पाठीवर आता कुणी बसायचं नाही. मी विचारलं, बरी कधी होईल? म्हणाले, होणार नाही. मी विचारलं, एखादा हलका स्वार असेल तर? त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.
मास्तरीणबाईंचा तबेला आहे. मला घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं, तेही चाळिशी उलटल्यावर. त्यांची जीभ म्हणजे चाबूक. त्या म्हणाल्या, तुमच्या नावावर इथे एकच ठाण आहे, एका घोड्यापुरतं. बसायचं असेल तर नवा घोडा बघा, आणि महाराणीला गवतात सोडा. त्यांच्या ओळखीच्या एक आजी आहेत, फळबागवाल्या. त्यांच्याकडे कुंपण घातलेलं कुरण आहे, आणि एक गाढव आहे, ते एकटं पडलंय.
मी म्हणालो, माझं काही नाही हो, प्रश्न तिचा आहे. ती माझ्याशिवाय राहणार नाही.
बाई म्हणाल्या, तुमचा हात गळ्यात होता तेव्हा राहिलीच की. दोन्ही वेळा पोटभर खात होती.
मी म्हणालो, खाणं वेगळं आणि जगणं वेगळं.
महाराणी त्या वेळी खात होती, त्यामुळे मुद्दा नीट पोचला नाही.

९ मार्च
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, झालं एवढं पुरे नाही का? या वयात परत घोडा कशाला? मी म्हणालो, भीती असती तर गोष्ट वेगळी. तर म्हणते, मग हल्ली जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी का धरता?
कठडा ढिला झालाय. म्हणून धरतो. घरात कुणाचं लक्ष नसतं अशा गोष्टींकडे.

१२ मार्च
नव्या घोड्याचा अभ्यास केला. उंच हवा. काळा किंवा गडद तांबडा. पाणीदार. मान कमानीसारखी. थोडासा तापट चालेल, नव्हे, हवाच. मेंगळट जनावरावर माझी मांड शोभत नाही. मोठ्या कागदावर चित्र काढून स्वयंपाकघरात लावलं. ही म्हणाली, कागदी घोडे पुष्कळ नाचवले, आता खरा बघा एखादा.

१५ मार्च
घोड्यांच्या दलालाला भेटलो. इतकं मऊ बोलतो की मी त्याचं नाव मखमल ठेवलंय. त्याने हुबेहूब माझ्या चित्रातला घोडा आणून उभा केला. काळा, उंच, पाणीदार. खुराने जमीन खरवडत होता.
नाकारला. वरून खाली बघतो. मला ही वृत्ती आवडत नाही. मखमल म्हणाला, साहेब, उंच आहे ना, वरूनच बघणार. बसून तरी पाहा. बसलो असतो, पण बूट चावत होते.
परत येऊन महाराणीला खरारा करता करता सगळी हकिगत सांगितली. तिने डोकं माझ्या छातीवर टेकलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. निर्णय तिला पटलेला दिसला.

२२ मार्च
तांबडी घोडी. शांत. मास्तरीणबाई मुद्दाम बरोबर आल्या होत्या. मी रिकिबीत पाय घातला. घोडी शिंकली. मी पाय काढून घेतला. आजारी जनावराला त्रास देणं माझ्या स्वभावात नाही.
बाई म्हणाल्या, घोडे शिंकतात. मी म्हणालो, महाराणी शिंकत नाही. बाई म्हणाल्या, तिच्या शिंकेने माझी टोपी उडालेली आहे.
मला आठवत नाही.

२६ मार्च
दुकानात एक नवीन बाई आल्या, जवळचं दिसत नाही म्हणून. भिंग बदलता बदलता त्यांना अपघात सांगितला. हल्ली गिऱ्हाइकं आपणहून विचारतात, म्हणजे विचारणारच असतात. आज सांगताना घोडी भरधाव होती आणि समोर झाड पडलेलं होतं. हे मुळात नव्हतं, पण अपघात समजायला सोपा जातो.
सगळे माझ्या हाडाची चौकशी करतात. या बाईंनी विचारलं, घोडी वाचली का? म्हणालो, वाचली. तर म्हणाल्या, तिला वाटत असेल हो, आपल्यामुळे धनी पडला.
असं मला कुणी म्हटलं नव्हतं.
बाई म्हणाल्या, आता मला सगळंच पुसट दिसतंय. मी चुकीचं भिंग घातलं होतं. मलाही अक्षरं दिसत नव्हती. दुकानात धूळ फार झालीय. झाडलोट करून घेणे.

२९ मार्च
अबलख घोडा. कान सारखे हलवतो. नाकारला.

५ एप्रिल
करडा घोडा. कान अजिबात हलवत नाही. नाकारला.
मखमलचा आवाज आज मखमली नव्हता.

६ एप्रिल
ही म्हणाली, घोडे चांगले, दलाल चांगला, तुम्हाला भीती नाही. मग घोडं पेंड खातंय कुठे? उत्तर दिलं नाही. माणसाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

९ एप्रिल
मास्तरीणबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. ठाण दुसऱ्या कुणाला तरी हवंय. महिनाअखेरपर्यंत घोडा आणा नाहीतर ठाण सोडा. आणि महाराणीला सिमेंटवर उभं राहून गुडघ्याला त्रास होतोय, तो तुम्हाला दिसत नाही का? लोकांचे डोळे तपासता ना?
बोलणं जरा जास्तच झालं. पण परतताना महाराणीकडे पाहिलं. तो पाय ती उचलून धरते. किती दिवस धरत असेल कोण जाणे.

१२ एप्रिल, दुपार
मखमलने शेवटचा घोडा दाखवला. बुटका. चिखलाच्या रंगाचा. पोट ढोलासारखं, पाय खुंट्यासारखे, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. मी नाकारायलाच गेलो होतो. पण एवढ्या ठेंगण्या घोड्यावर बसायचं टाळलं असतं तर लोक काय म्हणाले असते? बसलो.
पाय जमिनीला टेकतील की काय असं वाटलं. बरं वाटलं. मग त्याने एक पाऊल टाकलं.
पुढचं मला नीट सांगता येत नाही. माझे दोन्ही हात त्याच्या आयाळीत गेले आणि मुठी वळल्या. सोड म्हटलं तरी सुटेनात. हात माझेच होते, पण माझं ऐकत नव्हते. मास्तरीणबाई जवळ आल्या आणि माझं एकेक बोट सोडवायला लागल्या. त्या काही तरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या काहीच बोलल्या नाहीत. हे फार वाईट झालं.
तेवढा वेळ बुटका उभा होता. शेपूटसुद्धा हलवली नाही.
उतरल्यावर मखमलला म्हणालो, आयाळीची ताकद पाहत होतो. तो म्हणाला, मजबूत आहे हो साहेब, कितीही धरा.
घेतला. कारणं: चारा कमी लागेल, ठाणात जागा उरेल. अर्थात हा तात्पुरता. उंच घोडा नंतर.

१९ एप्रिल
फळबागवाल्या आजींना फोन. महाराणीच्या आवडीनिवडी सविस्तर सांगितल्या. गाजर तुकडे करून. पाणी गार नको. डाव्या कानामागे खाजवावं लागतं. सुरुवातीला खाणंपिणं सोडेल, घाबरू नका, मला कळवा, मी असेन तिथून येईन. आजी म्हणाल्या, बरं. मी म्हणालो, रात्रीबेरात्रीसुद्धा. आजी म्हणाल्या, बरं हो, बरं.

२६ एप्रिल
महाराणी गेली.
ती ट्रेलरमध्ये चढणार नाही हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. दोर, गाजरं, धरायला दोन माणसं, सगळी व्यवस्था केली होती. तिला समजवायला काय बोलायचं तेही ठरवलं होतं. फळी खाली टाकली, तशी ती लंगडत लंगडत गेली आणि आत जाऊन उभी राहिली. माणसं रिकामीच उभी. मी ठरवलेलं काही बोललो नाही.
आपण दोघं स्पर्धेला चाललोय असं वाटलं असेल तिला. ट्रेलरमधून आम्ही नेहमी बरोबरच गेलोय.
मी तिच्या मागोमाग गेलो नाही. निरोप घेताना तिने आकांत केला असता. मास्तरीणबाई तिच्याबरोबर निघाल्या होत्या, विचारत होत्या, येताय का, गाडीत जागा आहे. म्हणालो, तिच्यासाठी नको.
ठाणात जाऊन बसलो. भिंतीवर एके ठिकाणी ती मान घासायची, तिथला रंग गेलाय. तिथे तिचे केस चिकटलेले होते.
दुपारी बुटका आला. आत शिरला, गवत खाल्लं, झोपला. ज्याला मन नाही त्याचं बरं असतं.

३ मे
बुटक्याला नव्या जागेची सवय व्हावी म्हणून स्वारी पुढे ढकलली. फक्त खरारा केला. बोलता बोलता त्याला महाराणी म्हणालो. तो वळला. म्हणजे स्वतःचं नावसुद्धा माहीत नाही.
आजींना फोन. म्हणाल्या, खातेय. आजी तशा भल्या, पण घोड्यांच्या मनातलं त्यांना कळत नाही.
महाराणीला भेटायला इतक्यात जायचं नाही असं ठरवलंय. मला पाहून तिची जखम ताजी होईल.

१० मे
स्वारी केली. स्थिर. म्हणजे बुटका उभा आणि मी वर. मग मास्तरीणबाईंनी दोरी धरून त्याला मैदानाच्या कडेकडेने फिरवला. मी डोळे मिटून होतो. तोल साधायला ते चांगलं असतं. बाई म्हणाल्या, आज एक हात सोडलात.
जूनची स्पर्धा पुढच्या वर्षी. जून काय, दर वर्षी येतो.

१७ मे
आज राहवलं नाही. म्हणजे तिला राहवत नसणार, म्हणून गेलो. निघताना हिला सांगितलं, वाळली असेल, ओळखू येणार नाही कदाचित. गाजरं घेतली, तुकडे करून.
फाटकातूनच दिसली. झाडाखाली उभी होती, गाढवाच्या पाठीवर मान टाकून. अंग चकाकत होतं. पोट सुटलंय.
मी नेहमीची शीळ घातली. कान वळले. तिने पाहिलं. मी फाटक घट्ट धरून उभा राहिलो, कारण ती धावत येणार, आणि तो गुडघा. ती चालत आली. सावकाश. गाजरं खाल्ली, सगळी. माझा खिसा हुंगला, दुसरा खिसा हुंगला. मी डाव्या कानामागे खाजवलं. तेवढ्यात गाढव पलीकडे चालू लागलं. तिने मान वर केली आणि वळली. त्याच्या मागे गेली, आणि मधेच चक्क दुडकी. लंगडतच, पण दुडकी. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पाठीवर नव्हतं.
पुन्हा शीळ घातली नाही. ऐकून आली नसती तर काय करणार?
आजी म्हणाल्या, रमली हो तुमची घोडी. पहिल्या दिवसापासून कसली कटकट नाही. मी म्हणालो, छान झालं, मला तीच काळजी होती. त्या चहाला थांबा म्हणत होत्या. थांबलो नाही. वाटेत मात्र गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थांबावं लागलं.
घरी आलो तर ही दारातच. कशी आहे म्हणाली. मी म्हणालो, काही विचारू नकोस. फार हळवी झालीय. माझ्या खांद्यावरून मान काढेना. निघताना पाय उचलवत नव्हता.
मी आत जाऊन बसलो. हिने माझ्या हातातली रिकामी पिशवी घेतली, घडी करून ठेवली, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.
म्हणाली, होईल हो तिला सवय. हळूहळू होईल.