बरोबरीत सुटलेली कुस्ती

वस्ताद,

मी या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा यातलं निम्मंही झालेलं नव्हतं. सिरसाळ्याच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान उभं केलं, कुणाच्या हाताखाली न शिकता. उसाच्या टायरगाड्यांचे सांगाडे जोडले, आणि एकाही गाडीचा जोड अजून भर रस्त्यात सुटलेला नाही. शाळेची घसरगुंडी केली, देवळाचं दार केलं. तालमीवर नवे पत्रे घातले, कुस्तीच्या मातीच्या हौद्याची कड पुन्हा बांधून घेतली, तीही ओळंबा मीच धरून. बाभळीच्या बुंध्यातून मुद्गलांच्या चार जोड्या काढल्या. तराजूत घातल्या तर काटा हलत नाही. कुस्तीच्या त्या मासिकाचे सगळे अंक वर्षवार लावून सुई-दोऱ्यानं शिवले, वर पुठ्ठा आणि जुन्या धोतराची खळ लावलेली पट्टी. आणि सव्वीस वह्या लिहिल्या. आपल्या भागातल्या जत्रांत कोण कुणाशी लढला, किती मिनिटं लढला, कुठल्या डावावर निकाल लागला. त्या वह्यांत एकही ओळ ऐकीव नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायलाच सांगतो, पण तुम्हाला.

ऐकीव लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. मी सतरा-अठरा वर्षांचा होतो, तीन वर्षं तालमीत माती खाऊन झाली होती आणि माझ्याहून लहान पोरं मला उचलून टाकत होती. एका सकाळी तुम्ही मला तुमच्या चुलीपुढं बसवलंत, पितळीत दूध ओतलंत आणि म्हणालात, "तुझ्या अंगात कुस्ती न्हाई. डोळ्यात हाय. उद्यापासनं अंग घरी ठिव आन् डोळे घेऊन येत जा." मी रडलो असतो, पण काकू भाकरी थापता थापता हसल्या, म्हणून रडता आलं नाही. मग तुम्ही कुठल्याशा जत्रेत बक्षीस मिळालेलं मनगटी घड्याळ मला दिलंत. त्याच महिन्यात मी वहीत एका कुस्तीपुढं 'चितपट' लिहिलं. पाठ लागलेली तू बघितलीस का, असं तुम्ही विचारलंत. लोक ओरडले, मी म्हणालो. मग लोकांच्या नावानं लिही, तुझ्या नावानं लिहू नको, म्हणालात आणि दोनशे बैठका मारायला लावल्यात. दोन दिवस मला परसाकडं बसता येईना. तेव्हापासून पाठ मातीला लागलेली मला दिसली नसेल तर मी ती जागा कोरी सोडतो.

आणि ज्यांनी सगळ्यात जास्त बघून लिहायला हवं होतं ते मासिक मात्र न बघता छापायचं. तुम्हाला आठवत असेल, महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एसटीनं एक अंक यायचा आणि हॉटेलच्या बाकावर आम्ही दहा-अकरा जण त्यावर पडायचो. पुढची चाळीस पानं कोल्हापूर, सांगली, पुणे. आपलं मैदान शेवटच्या पानावर, 'इतर मैदाने' या मथळ्याखाली, मालिशच्या तेलाच्या जाहिरातीला चिकटून, तीन ओळी. त्या तीन ओळींतही बीड नगर जिल्ह्यात घातलेलं. आपल्या रानातलं मेंढपाळाचं पोरगं तिकडच्या तालमीत वर्षभर राहिलं की ते 'तिकडचा मल्ल' व्हायचं, त्याचं गाव पुसलं जायचं. फोटो तर उलटे छापायचे. उजव्या अंगानं मारलेली ढाक डावीकडून दिसायची, आणि हे फक्त मला दिसायचं याचा मला अभिमानही वाटायचा. कुणी तरी म्हणायचं, ह्यांचा महाराष्ट्र नगरलाच संपतो का बे. दुसरा म्हणायचा, संपत न्हाई, तिथं ह्यांच्या गाडीचं तेल संपतं. तुम्ही बशीतला चहा फुंकत ऐकायचात. पुढच्या महिन्यात हीच माणसं आठ-आठ आणे काढून पुन्हा तोच अंक घ्यायची. कारण दुसरं काही नव्हतंच. आणि कारण त्यात छापलं तेच पुढं चालायचं. साखर कारखाने आपल्या पैलवानांना मानधन द्यायचे ते तोच अंक बघून. कारखान्याचा माणूस कुठं जत्रेत उन्हात उभा राहायला येतो.

आता त्या दिवसाचं लिहितो. धर्मापुरीच्या पलीकडच्या गावची जत्रा, चैत्रातलं ऊन. शेवटच्या कुस्तीला एका कारखान्याचा पैलवान आलेला, बावीस-तेवीसचा, मांडी केळीच्या खुंटासारखी. त्याच्याशी लढणारी जोड आलीच नाही. तो हात वर करून मैदानाला फेरी मारतोय, जोड मागतोय, हलगी वाजतेय, आणि कुणी उठत नाही. तिसऱ्या फेरीला पुकारणारा माणूस कर्ण्यावरून म्हणतो, काय हो, आमच्या पाहुण्यानं नुसतं गूळ-पाणी घेऊन परत जायचं का. माझ्या शेजारी हालचाल होते. तुम्ही फेटा काढून माझ्या मांडीवर ठेवलेला असतो. तुम्ही एक्केचाळीस वर्षांचे होतात. मी घड्याळ बघतो. सलामी, खडाखडी, पहिली पाच मिनिटं तो तुम्हाला रेटत मैदानाच्या कडेपर्यंत नेतो, दोनदा पायाला धरून पट काढतो, तुम्ही दोनदा सुटता. नवव्या मिनिटाला तुमचा श्वास मला बाकड्यावरून ऐकू येतो. अकरावं मिनिट सरायला वीस सेकंद असताना तो पुढं झुकतो आणि तुम्ही ढाक मारता, उजव्या अंगानं. त्याचे दोन्ही खांदे मातीला लागलेले मी बघितले. पाठीवरची ओली माती बघितली. वहीत लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी अहवाल करून मासिकाला पाठवला.

अंकात आलं: 'वीस मिनिटांच्या झुंजीनंतर कुस्ती बरोबरीत सोडवण्यात आली.'

हॉटेलात त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. एकानं अंक चुलीत घालायला काढला, तो मी हातातून ओढून घेतला, कारण माझ्या बांधणीत तो अंक हवा होता. मी तिथंच बसून संपादकाला पत्र लिहायला घेतलं. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "सोड. कावून जीव जाळतो? ज्याला लागायची त्याची पाठ लागली." मला वाटलं तुम्ही अपमान गिळताय. तुमच्या त्या शांतपणाची मला इतकी चीड आली की मी दुप्पट कडक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मी दुसरं लिहिलं. पुढं दर वर्षी एक-दोन लिहीतच राहिलो. गल्लीत माझं नाव दुरुस्तीवाला पडलं, वेल्डिंगमुळं नव्हे.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा त्या कुस्तीला सहा वर्षं झाली होती. मी उशाशी बसून शब्द दिला होता, की तुमची ती कुस्ती मी त्यांना बरोबर छापायला लावीनच. तुम्ही काही तरी सांगायला तोंड उघडलंत, मग पाणी मागितलंत. पाणी पिऊन झाल्यावर म्हणालात, "नको लिहू आता. हात दुखत असल." मी त्याचा अर्थ असा लावला की आजारानं तुमची उमेद गेली. इतक्या बारकाईचा मी, आणि एवढं समोर घडलेलं मला वाचता आलं नाही.

तुमच्या दहाव्याला तो कारखान्याचा पैलवान आला होता. तोवर त्याचं बरं चाललं होतं, कारखान्यानं त्याला कायम केलं होतं. गर्दीच्या मागं, बाभळीखाली, चपला काढून उभा होता. मी चार लोकांसमोर त्याला म्हणालो, "या, बरोबरीत सुटलेले." त्यानं मान खाली घातली. काकूंच्या पाया पडला आणि चहा न घेता पायी फाट्याकडं गेला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, वस्ताद. पुष्कळ वर्षं बरं वाटत होतं.

यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या त्या आठवड्यात दुकानापुढं एक गाडी थांबली. जुने संपादक मागच्या वर्षी वारले. हा त्यांचा मुलगा. मासिक अजून निघतं, पण आता मुखपृष्ठावर पैलवानापेक्षा हार घातलेला पुढारी मोठा असतो आणि आत वाढदिवसाच्या शुभेच्छा. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. कुठल्या अंकात काय चुकलं तेही सांगायला लागलो. पोरगा सरळ होता. म्हणाला, काका, सगळं खरं आहे, म्हणूनच आलो. त्यानं एक फाईल माझ्या हातात ठेवली. त्यात माझी पत्रं होती, सगळी, त्रेचाळीस. त्याच्या वडिलांनी एकही फेकलं नव्हतं. त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणजे वाचली होती. आणि सगळ्यात खाली एक निळं आंतरदेशीय पत्र. अक्षर मी लांबूनच ओळखलं. तुमच्यासारखी अक्षरं कुणी काढत नाही, एकेक अक्षर मांडी ठोकून उभं असल्यासारखं.

त्यात तुम्ही लिहिलंय: "संपादक साहेबांस नमस्कार. परवाची कुस्ती मी मारली असे आमच्या पोराने कळवले असेल. ते खरे हाय, ते पोरगं खोटं लिहित न्हाई. पण छापताना बरोबरीत सुटली असे छापावे. कुस्ती झाल्यावर तो पैलवान देवळामागं बसून रडत होता. आईबाप ऊस तोडतात. म्हाताऱ्याकडून पडला असे छापून आले तर कारखाना मानधन बंद करील आन् त्याच्या हातात कोयता येईल. माझं वय झालं, मला छापून काय करायचं हाय. आमच्या पोराला हे कळू देऊ नये. तो लई बारकाईचा हाय, त्याला सोसायचं न्हाई."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसलो. तो मुलगा बाहेर खुर्चीवर थांबून राहिला.

म्हणजे संपादकासमोर दोन कागद होते. एक माझा, आणि एक खुद्द जिंकणाऱ्याचा. त्यानं तुमचं ऐकलं. इतकी वर्षं आम्ही ज्या एका ओळीवरून त्या मासिकाला शिव्या घातल्या, त्या ओळीत त्यांची चूक नव्हती. उलटे फोटो, पुसलेली गावं, नगर जिल्ह्यातलं बीड, ते सगळं त्यांचं. त्याबद्दल माझा एक शब्दही मी मागं घेत नाही. पण हे तुमचं होतं. आणि त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्या त्रेचाळीस पत्रांतला अपमान गप्प बसून सोसला, कारण तुम्ही त्याला तसं सांगितलं होतं. त्या पैलवानालाही कळलंच असणार. पाठ लागलेल्याला आपली पाठ लागल्याचं दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. अंक हातात आल्यावर त्यानं काय ओळखायचं ते ओळखलं असणार. आणि मी त्याला तुमच्या दहाव्याला, चार लोकांत, तसं बोललो.

मला तुमच्या खोट्याचा राग नाही. रागवायला जागाच नाही. मला एवढंच लागलं की तुम्हाला वाटलं, मला सोसणार नाही. सांगून बघायचं होतंत, वस्ताद. मी भांडलो असतो, दोन दिवस तालमीत आलो नसतो, वहीतलं पान तुमच्यापुढं नाचवलं असतं. पण तिसऱ्या दिवशी आलो असतो. आलो असतो असं आज वाटतं. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि एका सेकंदाचाही हिशेब सोडत नव्हतो, तेव्हा तुम्ही मला ओळखलं ते बहुतेक बरोबरच ओळखलंत. हे लिहायला मला चार दिवस लागले.

तो पैलवान आता पन्नाशीच्या पुढं आहे, त्याच कारखान्याच्या तालमीत पोरं घडवतो. त्याच्या हाताखालची पोरं त्याला वस्ताद म्हणतात. मी मोटारसायकलवर जाऊन आलो. फाटकापर्यंत गेलो, आत शड्डू ठोकल्याचे आवाज येत होते, आणि परत फिरलो. काय बोलायचं ते जमलं नव्हतं. पुन्हा जाईन. चहा मीच मागून घेईन त्याच्याकडं.

मासिकाला मात्र उत्तर देणं भाग होतं. त्या मुलाचं म्हणणं होतं की आपल्या भागाच्या कुस्तीवर मी वर्षभर लेखमाला लिहावी आणि पहिला लेख तुमच्या त्या कुस्तीचा असावा, सोबत तुमच्या पत्राचा फोटो. लोक डोक्यावर घेतील, म्हणाला. बाकी कुठूनही सुरुवात करू म्हटलं तर तो ऐकेना. आणि ती कुस्ती गाळून मी आपल्या भागाचं काय लिहिणार होतो, किंवा बरोबरीत सुटली असं माझ्या हातानं कसं लिहिणार होतो. खरं लिहिलं तर तुमचा शब्द जातो, खोटं लिहिलं तर तुम्ही दिलेल्या दोनशे बैठका वाया जातात.

त्रेचाळीस पत्रांनंतरचं मासिकाला चव्वेचाळिसावं, दोन ओळींच्या नकाराचं, कालच पेटीत टाकलं. आंतरदेशीय पत्र त्या मुलानं मला ठेवायला दिलं आहे. त्यानं त्याचा फोटो काढला नाही, तसा शब्द दिलाय. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र कुठंच टाकायचं नाही, म्हणून इथं एक गोष्ट कबूल करतो. नकार लगेच दिला नाही मी. तीन दिवस मनातून हो म्हणत होतो. पहिल्या लेखाचं पहिलं वाक्यही लिहून झालं होतं, चांगलं झालं होतं, ते फाडताना हात अडला. आयुष्यभर ज्या मासिकात आपलं एक वाक्य नीट छापून यावं म्हणून झुरलो, त्याच्याच मालकानं दारात येऊन मागितलं आणि मी नको म्हणालो: बारा लेख, दर महिन्याला दोन पानं, माझ्या नावानं आणि माझ्या फोटोसकट, त्यांनी एक शब्दही न बदलता, एका लेखाचे सहा हजार, वर्षाचे बहात्तर हजार रुपये.