पिवळी रेघ

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. आज मान वर करायची हिंमत नाही.

तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

इथे कॉलेजात आम्ही मुलं मिळून रेसची गाडी बनवतो, तिच्या प्रत्येक चाकाला एकच मोठा नट असतो. तो घट्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची, म्हणजे काम झालं. मी शहाणपणा करून चारही रेघा आधीच मारल्या आणि एक नट आवळायचा राहिला. सरावात वळणावर चाक निखळलं. गाडी चालवणारी माझ्याच वर्गातली. तिला खरचटलंही नाही, काळजी करू नकोस. “होतं रे असं,” म्हणाली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर ओरडले नाहीत. नट शोधून आणून माझ्या हातात ठेवला. रेघ अगदी ठसठशीत होती.

शेजारच्या काकूंना तू सांगितलंयस ना, मुलगा रेसच्या गाड्या बनवतो म्हणून? विचारलंच तर सध्या चाकं धुतो म्हण.

बाहेर पडताना अजून कुलूप दोनदा ओढून बघतेस ना? बघत जा.

त्या ओढण्याला कालपर्यंत हसणारा,
तुझा धाकटा